वाचकांचे प्रश्न : बॉस्पोरसचा ल्यूकॉन आणि अथेन्सचे धान्य

मागील अंकात प्राचीन अथेन्सच्या बाजारपेठेवर लेख होता. त्यात काळ्या समुद्राकडून येणाऱ्या गव्हाचा विषय निघाल्यावर ‘बॉस्पोरसचा सत्ताधीश ल्यूकॉन हा अथेन्सचा मित्र आणि मानद नागरिक होता’ असे एक वाक्य येऊन गेले. त्या वाक्याबद्दल बरीच पत्रे आली आहेत. काही प्रश्न अनेकांनी विचारले असल्याने ते एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : अथेन्स नागरिकत्वाच्या बाबतीत अतिशय कडक होते, असे आम्ही वाचत आलो. मग इतक्या दूरच्या आणि फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या या ल्यूकॉनला ते कसे मिळाले? हा होता तरी कोण? (सातारा)

उत्तर : प्रथम नावाचा घोळ दूर करायला हवा. बॉस्पोरस म्हटले की आज इस्तंबूलची सामुद्रधुनी डोळ्यांसमोर येते. पण ल्यूकॉनचे बॉस्पोरस ते नव्हे. काळ्या समुद्राच्या उत्तरेला, क्रिमिया आणि तामान ही दोन द्वीपकल्पे जेथे समोरासमोर येतात, तेथील चिंचोळ्या जलमार्गाला ग्रीक लोक किमेरियन बॉस्पोरस म्हणत. आजचे केर्च शहर आहे त्याच जागी, मायलेटसहून आलेल्या ग्रीकांनी इ. स. पू. सहाव्या शतकात पँटिकपियम ही वसाहत उभारली आणि पुढे तीच या राज्याची राजधानी झाली. इ. स. पू. ४३८ च्या सुमारास तेथील सत्ता स्पार्टोकस नावाच्या पुरुषाकडे गेली. त्याचे नाव थ्रेसकडचे, पण त्याच्या मुलाचे सॅटिरस आणि नातवाचे ल्यूकॉन ही नावे ग्रीक आहेत. ल्यूकॉनने इ. स. पू. ३८९ ते ३४९ अशी सुमारे चाळीस वर्षे राज्य केले.

त्याच्या स्वतःच्या शिलालेखांतील पदव्या लक्ष देऊन वाचण्यासारख्या आहेत. बॉस्पोरस आणि थिओडोसिया या ग्रीक वस्त्यांचा तो ‘आर्कॉन’, म्हणजे प्रमुख अधिकारी, म्हणवतो. आणि सिंडी वगैरे शेजारच्या बिगरग्रीक जमातींचा मात्र ‘राजा’. माणूस एकच, पण ग्रीक नागरिकांना राजा हा शब्द रुचत नाही याची त्याला पूर्ण जाण होती.

आता नागरिकत्वाविषयी. इ. स. पू. ४५१ च्या कायद्यानुसार आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मुलगा नागरिक होत असे, त्यामुळे आपली शंका रास्तच आहे. परकीयाला नागरिकत्व द्यायचे तर अथेन्सवर त्याचे तसेच मोठे उपकार असावे लागत, आणि या घराण्याचे ते होते. ॲटिकाची, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाची, जमीन हलकी आणि खडकाळ आहे. तिच्यात ऑलिव्ह आणि द्राक्ष उत्तम येते, सातूही बऱ्यापैकी पिकते, पण एवढ्या मोठ्या शहराचे पोट भरेल इतका गहू तेथे कधीच पिकला नाही. बाहेरच्या धान्याची वाट अडली की काय होते, हे अथेन्सने डोळ्यांनी पाहिले होते. इ. स. पू. ४०५ मध्ये एगोस्पोटॅमी येथे स्पार्टाच्या लायसँडरने अथेन्सचे जवळजवळ सगळे आरमार काबीज केले आणि काळ्या समुद्राच्या वाटेवरची हेलेस्पाँटची सामुद्रधुनी आपल्या ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी अथेन्सने शरणागती पत्करली, ती तट पडल्यामुळे नव्हे, तर कोठारे रिकामी झाल्यामुळे. अशा शहराला दरवर्षी गहू पाठवणारा माणूस परका वाटेनासा झाला, तर त्यात नवल नाही.

प्रश्न : ल्यूकॉनने अथेन्सला धान्य ‘दिले’ म्हणजे फुकट दिले काय? सवलत नेमकी कोणती होती आणि ती प्रत्यक्षात कशी अमलात येत असे? (एक धान्य व्यापारी, लातूर)

उत्तर : फुकट नव्हे. व्यापाराची जाण असलेल्या माणसाला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या विषयावरचा आपला सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे वक्ता डेमॉस्थेनीस. इ. स. पू. ३५५ च्या सुमारास लेप्टिनीस नावाच्या पुढाऱ्याने असा कायदा करून घेतला होता की, शहराने आजवर ज्यांना ज्यांना करमाफी दिली ती सर्व रद्द व्हावी, अपवाद फक्त हार्मोडियस आणि ॲरिस्टोगीटन या जुन्या वीरांच्या वंशजांचा. तेव्हा जेमतेम तिशीच्या आसपास असलेला डेमॉस्थेनीस या कायद्याविरुद्ध बोलायला उभा राहिला, आणि त्याने पुढे केलेले सर्वांत वजनदार उदाहरण ल्यूकॉनचे होते.

त्याच्या भाषणावरून व्यवहार असा दिसतो. बॉस्पोरसच्या बंदरातून धान्य बाहेर काढायचे तर तिसावा हिस्सा जकात म्हणून भरावा लागे. अथेन्सला माल नेणाऱ्या गलबतांना ल्यूकॉनने ही जकात पूर्ण माफ केली होती. शिवाय त्याने दवंडी पिटवली होती की, अथेन्सकडे जाणाऱ्यांचा माल सर्वांत आधी भरला जाईल. ही दुसरी सवलत वरवर किरकोळ वाटते. माझ्या मते ती पहिलीपेक्षा मोलाची होती. काळ्या समुद्रातला प्रवासाचा हंगाम थोड्या महिन्यांचा असे. त्या काळातला एक कर्जरोखा डेमॉस्थेनीसच्या नावावरील दुसऱ्या एका भाषणात जसाच्या तसा वाचायला मिळतो. मेंडी गावच्या दारूचे तीन हजार रांजण बॉस्पोरसकडे न्यायचे आणि परतीचा माल घेऊन यायचे, यासाठी सावकारांनी तीन हजार द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी, दिली आहेत. व्याज हजारी २२५. पण स्वाती नक्षत्राचा पहाटे उदय झाल्यानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर, परत निघाल्यास तेच व्याज हजारी ३०० होईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वादळांचा काळ सुरू होत असल्यामुळे हा वाढीव दर. आता धक्क्यावर पाळी येण्याची वाट पाहत पंधरा दिवस पडून राहिलेल्या नाखव्याचा विचार करा. ज्याचे गलबत आधी भरले, त्याची जकात तर वाचलीच, पण व्याज वाचले आणि कदाचित गलबतही वाचले.

ल्यूकॉनने पुढे थिओडोसिया, म्हणजे आजचे फिओडोसिया, हे बंदर नव्याने खुले केले आणि तेथेही अथेन्सला हीच माफी दिली. ‘हे बंदर बॉस्पोरसपेक्षा कोणत्याही प्रकारे कमी नाही, असे दर्यावर्दी सांगतात’, असे डेमॉस्थेनीस म्हणतो. ते ल्यूकॉनला सहज मिळालेले नव्हते. त्याचा बाप सॅटिरस या गावाला वेढा घालून बसला असतानाच मरण पावला होता, आणि काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हेराक्लिया हे शहर थिओडोसियाची पाठराखण करीत होते. हेराक्लियाचा टिनिकस नावाचा एक सरदार मोजकी माणसे घेऊन रात्री तेथे पोचला, त्याने लहान होड्यांत तुतारी वाजवणारे बसवून त्यांना वेगवेगळ्या अंतरावर पेरले आणि थांबून थांबून तुताऱ्या फुंकायला लावल्या. मोठे आरमार आले असे समजून वेढा घालणारे पळाले, अशी हकिकत युद्धातील युक्त्यांचा संग्रह करणाऱ्या पोलिएनसने नोंदवली आहे. अशा गावाचे बंदर अखेर ल्यूकॉनच्या हाती आले आणि तेथल्या गव्हाच्या गलबतांची तोंडे पिरीअसकडे, म्हणजे अथेन्सच्या बंदराकडे, वळली.

सवलत म्हटली की तिचा गैरफायदा घेणाराही आलाच. ल्यूकॉनचा मुलगा पेरिसॅडीस याच्या काळात लँपिस नावाच्या एका गलबतवाल्याने, अथेन्सला नेतो असे सांगून जकातमाफीचे धान्य भरून घेतले आणि उत्तरेकडील अकँथस येथे नेऊन विकले. हा लँपिस बायकामुलांसह अथेन्समध्येच राहत होता. आणि अथेन्सच्या रहिवाशाने धान्य दुसऱ्या बंदरात उतरवणे हा तेथील कायद्याने अत्यंत कठोर शिक्षेचा गुन्हा होता. एका खटल्यात हे प्रकरण बाहेर आले म्हणून ते आपल्याला कळले.

प्रश्न : ल्यूकॉनकडून अथेन्सला दरवर्षी चार लाख मेडिम्नस धान्य येत असे, हा आकडा खरा मानावा काय? आणि आपल्या मापात ते किती होते? (पुणे)

उत्तर : मेडिम्नस हे वजन नव्हे, आपल्या पायलीसारखे ते भरून मोजायचे माप आहे. एका मेडिम्नसमध्ये सुमारे ५२ लिटर मावत, म्हणजे गहू असेल तर अंदाजे ४० किलो. चार लाख मेडिम्नस म्हणजे सुमारे १६,००० टन. एका माणसाला वर्षाला २०० किलो धान्य लागते असे धरले, तर ८०,००० माणसांची वर्षभराची सोय झाली. एका गलबतात तीन हजार मेडिम्नस भरले असे मानल्यास एकशे तीसपेक्षा अधिक खेपा होतात.

हा आकडा डेमॉस्थेनीसचा आहे, आणि तो वकिली करीत होता हे विसरून चालणार नाही. त्याच्या आईच्या वडिलांनी क्रिमियातील निंफियम हे ठाणे बॉस्पोरसच्या सत्ताधीशांच्या घशात घातले आणि तिकडचीच बायको केली, असा आरोप त्याचा हाडवैरी एस्किनीस याने पुढे केला. त्याला बॉस्पोरसकडून वर्षाला हजार मेडिम्नस गहू पोचतो, असे डायनार्कस या वक्त्याने भर न्यायसभेत म्हटले. हे दोघेही त्याचे शत्रू असल्याने त्यांचे शब्द जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही, पण या माणसाचे बॉस्पोरसशी जवळचे संबंध होते एवढे निश्चित. असे असूनही चार लाखांच्या आकड्यावर माझा विश्वास बसतो, याचे कारण म्हणजे तो सांगताना डेमॉस्थेनीस ऐकणाऱ्यांना म्हणतो की, धान्य निरीक्षकांच्या दप्तरात हे कोणीही पडताळून पाहावे. ज्या दप्तरावर समोरचा पक्ष दुसऱ्या दिवशी जाऊन बोट ठेवू शकतो, त्याचा हवाला देऊन फार मोठी थाप मारता येत नाही.

भूगोलकार स्ट्रॅबो मात्र ल्यूकॉनने थिओडोसियाहून अथेन्सला २१ लाख मेडिम्नस पाठवल्याचे लिहितो. तो साडेतीनशे वर्षांनंतरचा लेखक आहे. हा एका वर्षाचा आकडा मानला तर एकाच हंगामात सातशे खेपा धराव्या लागतात, आणि ते पटण्यासारखे नाही. अनेक वर्षांची बेरीज म्हणून तो आकडा समजण्यासारखा आहे.

प्रश्न : याला मैत्री म्हणायचे की नुसता सौदा? ल्यूकॉनने अथेन्ससाठी सैन्य पाठवल्याचे आपण कोठेच लिहिलेले नाही. मग त्याला ‘मित्र’ म्हणणे अतिशयोक्ती नव्हे काय? (नागपूर)

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. आपले म्हणणे एका अर्थी बरोबर आहे. एकमेकांच्या शत्रूशी लढण्याची शपथ, जी ग्रीकांच्या लष्करी तहात असते, ती या संबंधाच्या केंद्रस्थानी दिसत नाही. परंतु अथेन्सने ज्यांच्याशी अशा शपथा घेतल्या होत्या, त्यांचे काय झाले ते पाहावे. इ. स. पू. ३७८ नंतर अथेन्सने जो दुसरा संघ उभारला, त्यात कायॉस, ऱ्होड्स, बायझँटियम ही मातबर शहरे होती. इ. स. पू. ३६२ मध्ये त्यांतलेच बायझँटियम काळ्या समुद्राकडून येणारी धान्याची गलबते अडवून आपल्या बंदरात माल उतरवायला लावत होते. इ. स. पू. ३५७ मध्ये ही शहरे कॉससह उघड फुटून निघाली आणि अथेन्सशी लढली. त्याच सुमारास सर्वत्र धान्याची टंचाई पडली. तेव्हा ल्यूकॉनने अथेन्सला पुरेल इतके धान्य तर पाठवलेच, पण त्याच्या व्यवहारातून शहराच्या तिजोरीत १५ टॅलेंट शिल्लक राहिले. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार द्राख्मा, आणि कुशल कारागिराची रोजची कमाई एक-दोन द्राख्मा. यावरून त्या रकमेचा अंदाज यावा. शपथेने बांधलेले मित्र सोडून गेले त्या वर्षांत बिनशपथेचा मित्र जागेवर होता. म्हणून मी ‘मित्र’ हा शब्द मागे घेणार नाही.

हे सख्य अथेन्सच्या भरभराटीपुरतेही नव्हते. ४०५ च्या त्या पराभवाच्या आधी एका अथेनियन गृहस्थाने आपल्या मुलांना सुरक्षित राहावे म्हणून सॅटिरसकडे पाठवले होते, असे लिसियसने लिहून दिलेल्या एका भाषणात आहे. घरावर संकट येणार असे दिसत असताना माणूस पोटची मुले कोणाकडे पाठवतो, यावरून तेथल्या विश्वासाची कल्पना येते. आणि पराभवानंतर, अथेन्सकडे धाक दाखवण्यासारखे आरमार उरले नसतानाही, धान्य कमी पडले की इतरांची गलबते रिकामी परत पाठवून सॅटिरस अथेन्सला निर्यातीची परवानगी देत असे, असे आयसॉक्रेटीसच्या एका भाषणातला वादी सांगतो. हा वादी सॅटिरसच्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा होता, त्यामुळे थोडे वाढवून सांगितले असेल. पण अथेन्सच्याच न्यायसभेपुढे, ज्यांच्या घरी तो गहू आला होता त्यांच्यासमोर, तो हे बोलत होता.

आता ल्यूकॉनला काय मिळाले, ते पाहू. स्वार्थ होता, आणि तो दोन्ही बाजूंनी उघड मांडलेला होता. त्याला हुकमी गिऱ्हाईक मिळाले, अथेन्समधील आपल्या मालावर करमाफी मिळाली, आणि ज्या शहराच्या नागरिकत्वासाठी माणसे झुरत, ते त्याला आणि त्याच्या मुलांना मिळाले. या परस्पर सनदांच्या शिळा दोन्ही पक्षांनी तीन ठिकाणी उभ्या केल्या : एक बॉस्पोरसला, एक पिरीअस बंदरात, आणि एक हिएरॉन येथे, म्हणजे काळ्या समुद्राच्या तोंडाशी, जेथे गलबते एकत्र जमून पुढे निघत. मला ही तिसरी जागा विलक्षण सूचक वाटते. ती दोघांपैकी कोणाच्याच घरची नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नाखव्याला वाटेत ती शिळा भेटावी, अशीच ही योजना होती. (याच हिएरॉनला इ. स. पू. ३४० मध्ये मॅसेडोनियाच्या फिलिपने अथेन्सकडे निघालेला तांडा पकडला. इतिहासकार फिलोकोरसच्या म्हणण्याप्रमाणे त्यात २३० गलबते होती. हा मार्ग किती नाजूक होता, हे त्यावरून दिसते.)

डेमॉस्थेनीसचा लेप्टिनीसविरुद्धचा युक्तिवाद याच शिळांवर उभा आहे. तो विचारतो की, ल्यूकॉनने दिलेले आपण घेत राहायचे आणि आपण त्याला दिलेले काढून घ्यायचे, तर या शिळा कशाची साक्ष देत उभ्या राहतील? शिवाय तो हिशोबही मांडतो : तीन लाखांवर दहा हजार आणि उरलेल्या एक लाखावर सुमारे तीन हजार मेडिम्नस, एवढी जकात ल्यूकॉन आपल्याला दरवर्षी सोडतो. एका छोट्या सत्ताधीशाचा असा जमाखर्च बलाढ्य शहराच्या न्यायसभेत मांडावा लागतो, यातच त्या नात्याचे खरे स्वरूप दिसते. ल्यूकॉन अथेन्सचा मांडलिक नव्हता.

प्रश्न : राज्यकर्ता म्हणून ल्यूकॉन चांगला होता काय? (डोंबिवली)

उत्तर : अथेन्सला तो चांगला होता, त्याच्या सैनिकांचे मत वेगळे असू शकेल. हेराक्लियाशी युद्ध चालू असताना आपले पायदळ कच खाते आहे असे दिसताच त्याने त्यांच्या मागे सिथियन तिरंदाज उभे केले आणि जो मागे वळेल त्याला टिपण्याचा हुकूम दिला. तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा नवी नाणी पाडतो असे सांगून त्याने लोकांकडचे सगळे नाणे गोळा केले, त्यावर दुप्पट किमतीचा छाप मारला, लोकांचे मूळ रकमेइतके त्यांना परत केले आणि अर्धे नाणे स्वतःकडे ठेवून घेतले. या दोन्ही गोष्टी पोलिएनसने युक्त्या म्हणून कौतुकाने दिल्या आहेत. मला त्यांत कौतुक दिसत नाही. दुसरीकडे, शहाण्या माणसाने कोणत्या राजाच्या पदरी राहावे याची चर्चा करताना स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपस याला शंभराहून अधिक वर्षांनी ल्यूकॉनचेच नाव आठवले. दोन्ही बाजू खऱ्या असतील.

प्रश्न : या संबंधाची आज पाहता येईल अशी काही खूण उरली आहे काय? (नवी मुंबई)

उत्तर : होय. ल्यूकॉनच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी अथेन्सला दूत पाठवले, आणि इ. स. पू. ३४७-३४६ मध्ये अँड्रोशनच्या सूचनेवरून अथेन्सच्या लोकसभेने जो ठराव केला, त्याची संगमरवरी शिळा पिरीअसला सापडली. ती आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. वरच्या बाजूला तिघे भाऊ कोरलेले आहेत, स्पार्टोकस आणि पेरिसॅडीस बसलेले आणि धाकटा अपोलोनियस उभा. खालच्या मजकुरात त्यांना ना आर्कॉन म्हटले आहे ना राजा. फक्त ‘ल्यूकॉनचे पुत्र’. वडिलांप्रमाणेच धान्य पाठवण्याची काळजी घेऊ, असे त्यांनी कळवले आहे, म्हणून सॅटिरस आणि ल्यूकॉन यांना मिळालेले सर्व मान त्यांनाही द्यावेत; दर मोठ्या पॅनअथेनिया उत्सवात प्रत्येकी हजार द्राख्मांचा सोन्याचा मुकुट द्यावा; त्यांनी मागितलेले जाणते खलाशी त्यांना न्यायला परवानगी असावी आणि नेलेल्यांची नावे दूतांनी लिहून द्यावीत, असे ठरले आहे. दूतांना दुसऱ्या दिवशी नगरगृहात भोजनाचे आमंत्रण आहे. आणि त्याच ठरावात असेही कलम आहे की, ल्यूकॉनच्या मुलांचे शहराकडे जे पैसे येणे आहेत, ते फेडण्याची तजवीज व्हावी, म्हणजे त्यांना तक्रारीला जागा राहणार नाही.

दुसरी खूण म्हणजे पँटिकपियमची सोन्याची नाणी. ती जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. एका बाजूला दाढीवाला, अस्ताव्यस्त केसांचा सॅटर (ग्रीक पुराणातला अर्धमानव वनचर), आणि दुसऱ्या बाजूला पंख असलेला सिंहदेही ग्रिफिन. त्याने तोंडात भाला धरला आहे आणि त्याचे पाय गव्हाच्या एका लोंबीवर आहेत.